अगेमांगमामा तीनदा वारले

"काही बिघडत नाही! डेव्हलपमेंट मोड आहे!" न्यार्को उठताबसता हेच सांगायचा. आमच्या कुमासी शहरात अंत्यविधीइतका तेजीतला दुसरा धंदा नाही, तेव्हा अंत्यविधीच्या निमंत्रणांचा सर्व्हर बनवायचा आणि जन्मभर पाय पसरून बसायचं, असा त्याचा बेत होता. डेव्हलपमेंट मोड म्हणजे तूर्त नुसता प्रयोग, तोही घरच्याच लॅपटॉपवर. कुलूप नाही, पासवर्ड नाही, आणि बंद पडला की सगळं विसरून पुन्हा पहिल्या नमुन्यापासून सुरू!

नमुन्याला एक मेलेला माणूस हवा होता. न्यार्कोने मामांना घेतलं, कारण घरात फोटो तेवढा त्यांचाच बरा होता. 'कोकोचे बागायतदार अगेमांग यांचे दुःखद निधन. वारस, भाचा न्यार्को.' आमच्याकडे बापाचं लेकाला नाही, मामाचं भाच्याला मिळतं. ती शेवटची ओळ त्याने जरा ठळकच केली.

फोनवर कसं दिसतं ते बघायला त्याने पान घरच्या वायफायवर सोडलं. आणि हे वायफाय म्हणजे गावचा नळ! अंगणाभोवतीच्या सगळ्या खोल्या त्याच्यावर. फोन जोडला की पहिलं हेच पान. सेरवामावशीने फोन जोडला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बकऱ्या दावं तोडून पळाल्या.

"माझा दादा गेला गं!"

"मावशी, मामा ठणठणीत आहेत! हा नुसता नमुना आहे!"

"मेल्या, मरणाचा कुठे नमुना असतो?"

न्यार्कोने घाईघाईने मामांचं निधन पुसलं. मावशीने डोळे पुसले. तेवढ्यात वीज गेली! लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली. वीज आली, सर्व्हर आपोआप उठला, झालं गेलं सगळं विसरला, आणि मामा पुन्हा वारले.

"आत्ता तर जिवंत होता ना रे?" मावशीने नव्याने सूर लावला.

पुन्हा पुसलं, पुन्हा वीज गेली. तिसऱ्या मरणाला मात्र खुलाशासाठी कुणी थांबलं नाही. सुतकाचे काळे-लाल कपडे निघाले, तंबू ठोकला, स्पीकर बोंबलू लागले. आणि ऐन गर्दीत, बेकवाईच्या आपल्या बागेवरून बातमी ऐकून आलेले मामा स्वतःच खुर्चीवर येऊन बसले!

दोघी जणी बेशुद्ध पडल्या. मामांनी फोनवरचं ते पान शांतपणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"फार घाई झाली का रे भाच्या?"

"मामा, काही बिघडत नाही, डेव्हलपमेंट..."

"वारसाचं नाव बदल."

"कु... कुणाचं घालू?"

मामांनी जमलेल्या गोतावळ्यावर नजर फिरवली. इतक्या माणसांत सेरवामावशीच्या लेकाने, ओसेईने तेवढं विचारलं होतं, "मामा, जेवलात का?"

"ह्याचं घाल."

मावशीचं रडणं चटकन थांबलं. न्यार्कोने नाव बदललं. आणि देवासारखी वीज गेली! ती परत येताच तो फोन नाचवत धावला. "मामा, बघा! पुन्हा माझंच नाव आलं!"

मामांनी ताटातली कोंबडीची तंगडी सावकाश चघळली.

"तुझं मशीन विसरतं रे बाळा. मी नाही विसरत."

बाग आता ओसेई बघतो. सर्व्हर मात्र इमानी निघाला. वीज जाऊन आली की तो आजही न्यार्कोलाच वारस करतो.