जोडीचं माप

लेकीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सकाळवर आलं, तरी टेलरमास्तरांचा सर्जनबाईंच्या हातावर विश्वास बसेना. अडथळ्यांच्या शर्यतीत पडून पोरीच्या गुडघ्यातली कूर्चा हाडाच्या टवक्यासकट निघाली होती. गुडघ्याच्याच कमी वापराच्या कडेचा तुकडा काढून तिथे बसवायचा, असं बाईंनी समजावलं होतं.

"म्हणजे शिवणीच्या दाबातलं जादा कापड काढून ठिगळ," मास्तर म्हणाले. "पण खूण कुठाय?"

"खूण उद्या मीच करीन. तुम्ही झोपा," बाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या खोलीत मास्तरांना कसली झोप! पोर महिनोन्‌महिने पळण्यासाठी झुरत होती. मैदानावर शिट्टी वाजली, की घरात बसून तिचे पाय हलायचे. उजाडताच मास्तरांनी न पुसणारं पेन काढलं आणि झोपलेल्या लेकीच्या उजव्या गुडघ्यावर झकास रेघ आखली. पण हात जन्मभर पँटी शिवलेला. एक पाय आखला, की दुसरा आखल्याशिवाय थांबायचा नाही. थांबला नाही.

"अहो, हे काय करून ठेवलंत! आता कुठला गुडघा कापायचा?" लेकीची आई ओरडली. साबणानं दोन्ही गुडघ्यांवरची रेघ जाईना, म्हणून मास्तरांच्या पिशवीतलं डाग काढायचं औषध आलं. त्यानंही जाईना, म्हणून खरखरीत टॉवेल आला. रेघ गेली. कातडीही गेली.

सर्जनबाईंनी ते लालभडक गुडघे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "सोललेल्या कातडीवर कापलं तर जंतू आत जातील. आता पुढच्या महिन्यात."

लेक रडली नाही, बोललीही नाही. मास्तरांना तेच सोसेना. घरी परतताना त्यांनी रिक्षा थांबवायला लावली, कारण पोरीची नजर मैदानाच्या कुंपणापलीकडे अडकली होती.

"शिव्या दे मला. पण बोल काहीतरी."

"बाबा, पळ."

"मी?"

"माझ्याऐवजी. एक चक्कर."

मास्तरांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि पोट सावरत सुटले. मैदानावरची पोरं हसू लागली. लेक कुबड्यांवर कुंपणाला रेलून ओरडत होती, "हात आत! गुडघे वर! वळणावर झुक, बाबा, झुक!" तिचा आवाज असा मोकळा कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

मास्तर धापा टाकत परतले आणि मातीतच बसले.

"कसा पळालो?"

"घाण," डोळे पुसत लेक म्हणाली. "आणखी एक चक्कर मार ना."

मास्तर उठले.