खांबेट्यांचा युरोप

खांबेटेकाकांच्या बाल्कनीत युरोप होता. अख्खा नव्हे, पण पोलंड, ग्रीस, बेल्जियम आणि फ्रान्स एवढे देश होते. चारही तुळशीच होत्या. काका सकाळी लुंगी खोचून, हातात तांब्या घेऊन बाहेर यायचे आणि शेजारच्या बाल्कनीत चहा पिणाऱ्या मला बातम्या द्यायचे. "नितीन, ग्रीस उठतोय बघ. परवा मेला म्हणत होतास ना? हा मरत नाही रे, चिवट आहे!"

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या समूहांना देशांची नावं आहेत. आम्ही राहायचो रशियात. "म्हणजे पोलंडची बाजू घेणारा मी, आणि भाडं भरतो झारला!" हे काकांचं कायमचं दुखणं होतं. खरं तर ते एका कन्स्ट्रक्शन कंपनीत एस्टिमेटर होते, बांधकामाच्या खर्चाचे अंदाज काढायचे. त्यांना इतिहास शिकायचा होता, पण वडिलांनी सिव्हिलला घातलं. त्याचा सूड म्हणून की काय, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात जेवढी बंडं झाली, तेवढी त्यांनी पाठ करून ठेवली होती. बरं, ठेवली तर ठेवली, ती आम्हाला कशाला ऐकवायची? पण ऐकवायचे. एसी बंद पडला की म्हणायचे, "अरे, १८३० च्या जुलैत पॅरिसवाल्यांनी तीन दिवसांत राजा घालवला, आणि आपल्याकडे जुलैत तीन आठवडे झाले तरी चिलरवाला येत नाही!"

माझ्या गाडीतून आम्ही तिघं ऑफिसला जायचो: मी, काका आणि थॉमस नावाचा मल्याळी अकाउंटंट. एक दिवस काकांनी जाहीर केलं की या गाडीला राज्यघटना हवी. खिडकी कोण उघडणार, रेडिओ कुठला लागणार, हे बहुमताने ठरलं पाहिजे. "जनतेच्या संमतीशिवाय मल्याळम बातम्या नकोत!" गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी पहिल्या कलमावर इतका वाद घातला की मागच्या पिकअपवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. थॉमस हात जोडून म्हणाला, "खांबेटेजी, पहले बैठो, फिर क्रांति करो." काका बसले. "फ्रँकफुर्टच्या संसदेचं असंच झालं," ते पुटपुटले. "प्रोफेसर लोक चर्चा करत बसले आणि राजे परत आले."

मग मंदी आली. क्रेन थांबल्या, पगार कापले गेले, आणि बिल्डिंगीतली मराठी घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. सोफे लोकांनी विकले, फ्रिज वाटून टाकले. पण तुळशीचं काय करायचं? विमानात नेता येत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही. समोरच्या करंदीकरवहिनी निघायच्या दिवशी कुंडी पोटाशी धरून जिन्यात रडत बसल्या होत्या. रोप त्यांच्या आईने साताऱ्याहून ओल्या रुमालात बांधून आणलेलं, आणि आई आता नव्हती. काका देवाधर्मापासून चार हात लांब राहणारे. पण ते पुढे झाले आणि त्यांनी कुंडी घेतली. "वहिनी, झारने पोलंडचं बंड मोडलं तेव्हा त्यांच्या लोकांना पॅरिसने आसरा दिला होता. तुम्ही परत याल तेव्हा तुमची तुळस इथे उभी असेल. खांबेट्याचा शब्द!"

वहिनींना यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांचं रडं थांबलं. त्या तुळशीच्या तीन फांद्या तीन दिशांना गेलेल्या. "रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, तिघांनी मिळून पोलंड वाटून घेतला होता," काका म्हणाले, आणि ती पोलंड झाली. बातमी पसरली, तसे आणखी दोन निर्वासित आले. बेल्जियम गुपचूप वाढायचा, ग्रीस रोज मरायचा आणि रोज उठायचा.

फ्रान्स मात्र घरची होती, सुनंदाकाकूंची. निळ्या रंगाच्या डब्यात लावलेली. "कधी शांत, कधी उसळेल, नेम नाही," काका म्हणायचे, आणि ते तुळशीबद्दल की काकूंबद्दल हे आम्ही विचारत नसू. पगार कापल्यावर काकू लेकीला घेऊन पुण्याला गेल्या होत्या, "वर्षभरासाठी". ते वर्ष कधीच उलटून गेलं होतं. काका त्या विषयावर कधी बोलायचे नाहीत. एवढा बोलका माणूस, पण नाहीच.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये बिल्डिंगच्या एसीचा चिलर पुन्हा बंद पडला. आम्ही शारजाला, रोल्ला भागात, माझ्या मेव्हण्याकडे पळालो. काकांना चला म्हटलं, तर म्हणे, "निर्वासितांना टाकून येऊ?" परतलो तेव्हा काका ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या कुंड्यांच्या मधोमध, स्वतःही ओला टॉवेल पांघरून बसले होते. माझ्या लेकीने, ईशाने, वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "अंकल, पोलंड इज डेड."

"डेड नाही गं, विश्रांती घेतोय."

"नो अंकल. खलास."

खरंच खलास होतं. आणि त्याच आठवड्यात करंदीकरांचा फोन! रुवैसला रिफायनरीत नोकरी लागली, शुक्रवारी दुबईत उतरतोय, जाताना तुळस घेऊन जातो. मागून वहिनींचा आवाज, "बरी आहे ना हो?"

"ठणठणीत!" काका ओरडले आणि फोन ठेवताच नर्सरींचे नंबर शोधायला लागले.

भर उन्हाळ्यात एकाही नर्सरीत तुळस मिळेना. गुरुवारी संध्याकाळी काका विजयी मुद्रेने कुंडी घेऊन आले. हिरवीगार, टवटवीत, सुपरमार्केटातली. माझ्या बायकोने, वृषालीने, पान चुरगळून वास घेतला. "काका, हे बेसिल आहे. पिझ्झ्यावर घालतात."

काकांनी कुंडी फिरवून तिच्यावरचं लेबल वाचलं. "म्हणजे पोलंड आणायला गेलो आणि इटली घेऊन आलो?"

"अहो, मग बेल्जियम देऊन टाका," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

काका असे भडकले की बस! "दुसऱ्याचा देश उचलून तिसऱ्याला द्यायचा? हेच केलं ना रे व्हिएन्नाला जमून त्या राजेलोकांनी! म्हणून तर ही सगळी बंडं झाली!" आणि दार आपटून घरात गेले.

शुक्रवारी करंदीकर आले. काकांनी वहिनींच्या हातात त्यांचीच पांढरी कुंडी दिली, आणि तीत तुळस! काळसर देठांची, मंजिऱ्यांनी लगडलेली. वहिनींनी तिला डोक्याला लावलं, पदराने पुसलं, आणि परत एकदा जिन्यात बसून रडल्या. वर म्हणाल्या, "केवढी वाढवलीत हो! आईचा हात आहे तिच्यावर." काका दोन्ही हात मागे बांधून, मान डोलवत उभे होते. करंदीकरांची गाडी रुवैसच्या रस्त्याला लागली.

मी आणि वृषाली काकांच्या बाल्कनीत गेलो. निळ्या डब्यात बेसिल लावलेलं होतं.

"काका, काकूंची तुळस दिलीत?"

"अरे, जो परत आला त्याला त्याचा देश मिळायला नको?" काका म्हणाले. "वहिनी आल्या. माझ्याकडची कुठे येतेय."

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार दुपार, म्हणजे पुण्याचा. काकांनी आमच्याकडे पाठ केली. "हं, बोल. जेवलो. हो, वरणभात... तुझी तुळस? मस्त आहे गं, एकदम हिरवी झालीये. पानं केवढाली! नाही, फोटोत नाही कळणार." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तूच येऊन बघ ना एकदा."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. काकांनी फोन खिशात ठेवला, त्या पिझ्झ्याच्या रोपाची दोन पिकली पानं खुडली, आणि ती हातातच धरून उभे राहिले.

"काय म्हणाल्या काकू?" वृषालीने हळूच विचारलं.

"बघू म्हणाली."