पालकांनी खिडकी क्रमांक दोनवर विचारावे

नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजच्या कचेरीत व्हर्ना हकाबी अकरा वर्षं खिडकी क्रमांक दोनवर बसत होती. त्या खिडकीचं काम एकच, पालकांना नाही म्हणणं. मूल कॉलेजात आलं की त्याचे गुण ही त्याची खासगी बाब. त्याच्या लेखी संमतीवाचून ते आईबापांना सांगायचे नाहीत, असा कायदा. व्हर्ना तो इतक्या गोड आवाजात सांगायची, की तणतणत आलेले बाप तिचे आभार मानून जात आणि गाडीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात येई, की हाती धुपाटणंसुद्धा लागलेलं नाही.

"अहो बाई, फी मी भरतो!"

"त्याबद्दल कॉलेज आपलं ऋणी आहे."

मग तिचाच मुलगा टोबिन त्या कॉलेजात दाखल झाला.

डिसेंबरात सहामाहीचे निकाल लागले आणि टोबिन मुका झाला. जेवताना ताटातले वाटाणे मोजायचा. "कसं चाललंय?" विचारलं की "ठीक." दुसऱ्या दिवशी व्हर्नानं कचेरीतल्या संगणकावर त्याचं नाव घातलं. पडद्यावर अक्षरं आली: 'आप्तसंबंध आढळला. माहिती मिळणार नाही.'

ती कचेरीचे प्रमुख लिंडक्विस्टसाहेब यांच्याकडे गेली.

"कर्मचारी म्हणून तुम्हाला सगळ्यांचे गुण बघता येतात," साहेब म्हणाले. "पण इथे तुम्ही आई आहात. आईनं अर्ज करायचा."

"कुठं?"

"खिडकी क्रमांक दोनवर."

जेवणाच्या सुट्टीत व्हर्ना बाहेर जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीत कुणी नव्हतं, कारण तिथं बसणारी बाहेर होती. अर्ज फटीतून आत सरकवून ती वळसा घालून आत आली, अर्जावर शिक्का मारला, नियमाप्रमाणे नामंजूर केला आणि टपालात टाकला. तीन दिवसांनी टोबिन पत्रपेटीतून पाकीट घेऊन आला. त्याच्या अंगातल्या स्वेटरवर छातीभर त्याच कॉलेजचं नाव छापलेलं होतं.

"आई, कॉलेजचं पत्र आलंय तुला."

'आपण उल्लेखिलेली व्यक्ती आमच्याकडे शिकते, यास आम्ही दुजोरा देऊ शकत नाही व इन्कारही करू शकत नाही.' खाली तिचीच सही होती. 'आपली नम्र' हे शब्द तिला पहिल्यांदाच बोचले.

मग तिनं टोबिनपुढं संमतीचा एका ओळीचा फॉर्म ठेवला.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, आई," टोबिन म्हणाला. "मी सज्ञान आहे."

सज्ञान माणसाचे मोजे त्या वेळी धुलाईयंत्रात फिरत होते.

शनिवारी गाडीच्या विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "हुशार विद्यार्थी म्हणून तुमच्या टोबिनला सवलत होती, ती आता बंद. कॅल्क्युलसमध्ये नापास झालाय ना तो! मनाला लावून घेऊ नका हं. माझ्या भावाचंही असंच झालं होतं." तासाभरात गावातल्या पिझ्झावाल्याचा निरोप आला: 'गणितात अडखळलेल्या टोबिनच्या कुटुंबास मोठ्या पिझ्झावर दहा टक्के सूट.'

"कॅल्क्युलसमध्ये नापास?" व्हर्नानं विचारलं.

टोबिन ताडकन उठला. "तुला कुणी सांगितलं? हा गोपनीयतेचा भंग आहे!"

"पिझ्झावाल्यानं."

"हां, तो." टोबिन खाली बसला. "सवलतीसाठी त्याला आणि विमावाल्यांना संमती दिलीय मी."

"वाचून?"

"तेहतीस पानं होती, आई! कोण वाचतंय? चौकोनात टिचकी मारली."

"आणि माझी एक ओळ होती, तिथं तुझं तत्त्व आडवं आलं?"

टोबिन नखानं टेबलाची कड खरवडू लागला. "पिझ्झावाला तोंड पाडून बसत नाही गं," तो म्हणाला. "तू बसतेस. आत्ता बसलीयस तसं."

व्हर्ना उठून न्हाणीघरात गेली. आरशात बघितलं, तर खरंच चेहरा पडलेला होता. नीट करायला गेली तर खिडकी क्रमांक दोनचं हसू उमटलं. ते आणखीच भयंकर होतं. ते पुसून तिनं तिसरा चेहरा करून पाहिला, मग चौथा. कितव्या खेपेला कोण जाणे, आपलं पोर धडपडलंय हे कळल्यावर माणसाचा असतो तसा साधा चेहरा जमला. तो सांडू न देता ती बाहेर आली.

"बरं. आता सांग."

टोबिननं तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं आणि मग तासभर तो बोलत होता. त्यातलं बरंचसं विमा कंपनीलाही ठाऊक नव्हतं.

काय सांगितलं, ते आम्हाला विचारू नका. आपल्याही घरात कुणी हल्ली नुसतं "ठीक" म्हणत असेल, तर त्यालाच विचारा. फक्त त्याआधी एकदा आरशात बघून या.