इंदूमावशीचे डॉक्टर

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायण होता. शेजारच्या बाईंनी रीतीप्रमाणे इंदूमावशीला विचारलं, "कशा आहात?" पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईनं अशा वेळी गुडघ्यांविषयी बोलावं, साखरेविषयी बोलावं, काहीच नसेल तर हवेविषयी बोलावं. मावशीनं प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाली, "ग्रीक झालं, हिब्रू झालं, कोर्सवर्क तर केव्हाच आय्तु. जर्मनला तेवढं अडलंय." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तीर्थ वाटायला पळालो.

मावशी दहावीपुढे शिकलेली नाही. ग्रीक, हिब्रू आणि जर्मन यांपैकी एकही भाषा तिला येत नाही आणि यावी अशी तिची इच्छाही नाही. हे सगळं होत होतं आणि अडत होतं ते तिच्या माडीवरच्या भाडेकरूचं. रेव्हरंड दाविद साळवे, मूळचा जालन्याकडचा, ख्रिस्ती धर्मशास्त्रात डॉक्टरेट करायला म्हैसूरला आलेला. मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ते धर्मशास्त्राचं कॉलेज आहे. काका गेले, मूलबाळ नाही, माडीवरची खोली रिकामी. कुणीतरी तिथे कॉलेजचा एक विद्यार्थी आणून ठेवला, आणि तेव्हापासून मावशीला हे वेड लागलं.

दाविदच्या आधी त्या खोलीतून दोन डॉक्टर बाहेर पडले होते, एक केरळचा आणि एक नागालँडचा. मावशी त्यांचा उल्लेख "माझे दोन डॉक्टर" असा करते. नवख्या माणसाला वाटतं हिला बीपी आणि हाडं यांचे वेगवेगळे डॉक्टर आहेत. या दोघांच्या निमित्तानं तिला त्या पदवीचे सगळे नियम पाठ झाले. पंचांगातली एकादशी चुकेल, पण प्रगती-अहवाल कधी द्यायचा ते तिला चुकायचं नाही. इतकी वर्षं इथेच राहायला हवं, एवढे चर्चासत्रांतले निबंध, दोन प्राचीन भाषा, एक आधुनिक भाषा, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह नावाची राक्षसीण, म्हणजे सगळ्या विषयांची एकत्र परीक्षा, मग आराखडा, मग प्रबंध, मग सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. यात कुणी सूट मागितली की तिचं एकच उत्तर, "रूल अंदरे रूलु!" नियम म्हणजे नियम. आम्ही म्हैसूरचे मराठी लोक वाक्य मराठीत सुरू करतो आणि ठणकावायची वेळ आली की कन्नडवर जातो. मावशीचं 'आय्तु', म्हणजे 'झालं', हेही त्यातलंच.

रोज सकाळी ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून वर ओरडायची, "दाविद! काल किती पानं आय्तु?" वरून आकडा आला की मगच कॉफी वर जायची. आकडा लहान असला तर कॉफीही लहान.

हे तिच्यापुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मी तिचा एकुलता एक भाचा. कडकोळच्या कारखान्यात मी खरेदी विभाग बघतो. ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन यायचा. "श्रीपू, तळटीपा म्हणजे काय रे?" मी हळू आवाजात सांगायचो की पानाच्या खाली बारीक अक्षरांत आधार द्यायचे असतात. "मग ते वर मोठ्या अक्षरांत लिहायला काय होतं? माझ्यासारख्यांनी भिंग घेऊन बसायचं का?" सप्लायर समोर ताटकळत बसलेला असायचा.

हिब्रूच्या परीक्षेआधी तिनं चामुंडीला नवस बोलला की दाविद पास झाला तर पायऱ्यांनी डोंगर चढीन. तो पास झाला. मावशीचे गुडघे नापास होते, त्यामुळे पायऱ्या मी चढलो. मी धापा टाकत परत आलो तेव्हा दाविद अंगणात होता. तो मनापासून म्हणाला, "प्रार्थना मी माझीही केली होती, श्रीपादराव. पण चढ तुम्हाला लागला, त्याबद्दल वाईट वाटतं." माणूस इतका सज्जन की त्याच्यावर चिडताही येईना. जर्मनच्या वेळी मी आधीच घाबरून विचारलं, "याला कुठला देव?" मावशी म्हणाली, "जर्मनला देव कशाला? अभ्यास कर म्हणावं."

दाविदच्या मार्गदर्शकांना ती 'गायडू' म्हणायची. गायडू प्रकरणं वाचायला फार वेळ लावतात असं दिसल्यावर तिनं त्यांना डबाभर कोडबळी, म्हणजे तिखट कडबोळी, पाठवली. कोडबळी संपली आणि प्रकरण लाल शाईनं भरून परत आलं. पुढच्या खेपेला तिनं निरोप दिला की आधी प्रकरण, मग कोडबळी. त्या आठवड्यातच प्रकरण आलं, हे मला मान्य करावं लागेल.

माझ्या मेहुणीच्या मुलीला पीएच.डी. झालेल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा तर कहर झाला. मुलाचे आईवडील उप्पिट खात असताना मावशीनं मुलाला विचारलं, "कॉम्प्रिहेन्सिव्ह एका झटक्यात गेली की दोनदा द्यावी लागली?" मुलगा लाल झाला. त्याच्या आईनं बशी खाली ठेवली. पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही. "दोनदाच दिली असणार," मावशी मला नंतर म्हणाली. माझी बायको उमा तेव्हापासून पाहुणे येणार असले की मावशीला कळवत नाही.

आता माझं खरं दुखणं सांगतो. काका गेल्यापासून मी मावशीला आमच्या घरी येऊन राहा म्हणून विनवतोय. ती एकटी, घर जुनं, अंगण शेवाळलेलं. दोन वर्षांपूर्वी ती तिथेच घसरली आणि मनगट मोडून बसली. दर वेळी उत्तर ठरलेलं, "हा हुडगा डॉक्टर होऊ दे. त्याच दिवशी येते." केरळचा हुडगा, म्हणजे पोरगा, डॉक्टर झाला, तोवर नागालँडचा येऊन टेकलेला. नागालँडचा झाला, तेव्हा दाविदची ट्रंक दारात. हा कारभार असाच चालू राहिला असता, पण मधल्या काळात कॉलेजनं संशोधकांसाठी स्वतःचं वसतिगृह बांधलं. आता माडीवर नवा कुणी येणार नव्हता. दाविद शेवटचा. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही होतं. मी तिच्याकडून देवासमोर वदवून घेतलं, की दाविदची तोंडी परीक्षा झाली की त्या दिवशी ती माझ्याकडे येईल. तिनं हो म्हटलं.

आणि तेव्हापासून दाविद रखडला.

तोवर जर्मन निघालं होतं, कॉम्प्रिहेन्सिव्ह एका झटक्यात निघाली होती, प्रबंधाची सगळी प्रकरणं झाली होती. विषय होता, प्राचीन काळी परक्या माणसाला आसरा देण्याबद्दल शास्त्र काय सांगतं. "त्याला काय साडेतीनशे पानं लागतात?" मावशी म्हणायची. "दारात आला तर ऊटा माडि म्हणायचं, जेवा म्हणायचं. आय्तु." पण हे साडेतीनशे पानी आय्तु काही होईना. दसरा गेला, दिवाळी गेली. दाविद म्हणे तळटीपा तपासतोय. मुदतवाढ घेऊन झाली, ती शेवटची होती. सत्र संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग ग्रीक गेलं, हिब्रू गेलं, माझा डोंगरही गेला. मावशी पायरीवरून ओरडत होती, वरून आकडे येत नव्हते, आणि दोघांच्या मध्ये माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

शेवटी एका शनिवारी मी त्याला गाडीत घातलं आणि लष्कर मोहल्ल्यातल्या एका बाइंडरकडे नेलं. म्हटलं, निदान कापड तरी निवडा. बाइंडरनं मरून रंगाच्या रेक्झिनचे तुकडे मांडले, सोनेरी अक्षरांचे नमुने दाखवले. दाविद एकाच तुकड्यावरून बोट फिरवत उभा राहिला.

"श्रीपादराव," तो म्हणाला, "प्रबंध तयार आहे. दसऱ्यापासून तयार आहे."

"मग तळटीपा?"

"त्या बरोबर आहेत. मी पास झालो की तुम्ही मावशींना घेऊन जाणार. त्यांना ते घर सोडायचं नाहीये. मी जितका रखडीन तितक्या त्या तिथे राहतील."

मी दुकानात ओरडलो. "अहो, नोंदणी रद्द होईल! सहा वर्षं पाण्यात जातील! गावाकडे तुमच्या चर्चची मंडळी पाळक येणार म्हणून वाट बघतायत!"

"हो," तो म्हणाला. "तेही खरं आहे." आणि पुन्हा रेक्झिन बघू लागला. बाइंडर म्हणाला, साहेब, ठरलं की सांगा.

दाविदला घेऊन मी तसाच मावशीकडे गेलो, आणि तो माडीवर गेल्यावर तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"मला काय कळत नाही का? महिनाभर एकच दिवा, एकच पान. पान उलटल्याचा आवाज खाली येतो रे."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज ओरडते ती काय सुम्ने ओरडते, उगाच?"

मग ती उठली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत माडीवर गेली. तिच्या मागे मी. दाविद खुर्चीतून उभा राहिला. मावशीनं दम खाल्ला आणि म्हणाली, "माझ्यावर उपकार करायला तू इथे भाडं भरतोस काय? सोमवारी पुस्तक बांधून आलं पाहिजे. रूल अंदरे रूलु." दाविद काहीतरी बोलायला गेला. "मला मध्ये घालू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या तळटीपेत मी कशाला?" आणि खाली उतरली. पुस्तक सोमवारी बांधून आलं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, हा नियम मावशीला अर्थातच माहीत होता. त्या दिवशी सकाळी मी न्यायला गेलो तेव्हा ती म्हैसूर सिल्क नेसून तयार होती. दाविदला टायची गाठ जमत नव्हती, ती मी मारून दिली. कॉलेजच्या सभागृहात मावशी पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध बसली. परीक्षक तिघे, त्यांतले एक बाहेरगावचे, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळं इंग्रजीत. मावशीला शब्द कळत नव्हते, पण तिचं सगळं लक्ष दाविदच्या चेहऱ्याकडे होतं. बाहेरगावच्या परीक्षकांनी एक प्रश्न विचारला, मग तोच फिरवून विचारला, मग तिसऱ्यांदा विचारला. दाविदनं घाम पुसला. मी मावशीचा पदर धरायच्या आत ती उभी राहिली होती.

"सार, स्वल्प निल्ली," जरा थांबा, असं म्हणून ती कन्नडमध्ये सुरू झाली. "सकाळपासून त्याच्या पोटात कॉफीशिवाय काही नाही. प्रश्न लहान लहान विचारा."

मी खुर्चीत जितकं खाली जाता येईल तितकं गेलो. अध्यक्षांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं ते वाक्य बाहेरगावच्या परीक्षकांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, या कोण? दाविदनं सांगायच्या आत मावशीच म्हणाली, "ओनर. हाउस ओनर." परीक्षक हसले. पुढचा प्रश्न खरोखरच लहान होता.

दाविद पास झाला. टाळ्या वाजल्या, दाविदला मिळालेली फुलं मावशीच्या हातात आली, चहा आला. मावशी थेट अध्यक्षांपाशी गेली आणि विचारलं, आता काही उरलंय का? एखादी भाषा, एखादा कागद? ते म्हणाले, "नाही अम्मा, सगळं झालं." तिनं पुन्हा विचारलं, "काहीच नाही?" त्यांनी मान हलवली. तेव्हा ती जवळच्या खुर्चीवर बसली आणि हातातली फुलं उगाच नीट करत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला काही काम नसताना बसलेली पाहिली नव्हती. दाविद येऊन तिच्या पाया पडला. ती त्याला म्हणाली, "आधी काहीतरी खा."

चहासाठी ती थांबली नाही. दाविदला परीक्षकांपाशी सोडून आम्ही दोघं गाडीकडे आलो. ती पुढे जाऊन बसली. तिला आता आठवण कशी करून द्यायची, दोन दिवस सवड द्यावी का, सामान केव्हा आणायचं, असं मनात घोळवत मी फुलं ठेवायला डिकी उघडली.

आत तिची निळी बॅग होती. शेजारी देवांचा डबा, औषधांची पिशवी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिचा बिडाचा तवा. चार दिवसांसाठी जाणारं माणूस तवा घेऊन निघत नाही.

"मावशी, हे कधी ठेवलंस?"

"सकाळी. तू त्याचा टाय बांधत होतास तेव्हा."

"निकालाच्या आधीच?"

"निकालाचं काय? तो पास होणारच होता."

इतकी वर्षं मी याच दिवसासाठी भांडलो होतो, आणि तो आला तेव्हा मला रडू फुटलं. तिला दिसू नये म्हणून मी डिकी लावली, खाली वाकलो आणि उगाच मागचे टायर दाबून बघायला लागलो.

"हवा आहे रे," ती आतून म्हणाली. "चल."