टाकीला आलेली मागणी

तो पाण्याचा वार होता. अम्मानच्या पूर्वेकडच्या त्या डोंगरावर आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येई, आणि त्या दिवशी अख्खा डोंगर एकाच वेळी धुणं, पुसणं, आंघोळी आणि भांडणं काढून बसे. अबू तग्रीद सकाळपासून गच्चीवर होते. निवृत्त बसचालक दुसऱ्याच्या बसमध्ये बसला तरी जसा पायाने ब्रेक दाबत राहतो, तसे ते टाकीला कान लावून पाण्याला वर चढायला मदत करत होते.

"आलं!" त्यांनी जिन्यातून खाली आवाज दिला. "नवाल, लाव तुझं मशीन!"

नवाल ही त्यांची धाकटी बहीण. नवऱ्यामागे ती भावाकडेच राहत होती. तिने खालून उत्तर दिलं, "मशीन केव्हाच लावलंय. तुम्ही टाकीला मिठी मारून उभे राहिलात म्हणून पाणी लवकर येत नाही!"

तेवढ्यात तग्रीद चहा घेऊन वर आली. ही त्यांची एकुलती एक लेक, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. बापाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखायची तिथली रीत. मुलगा नाही म्हणून लोकांनी दुसरं काही नाव लावण्याआधीच त्यांनी स्वतःला 'तग्रीदचा बाप', अबू तग्रीद, म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती, आणि तसं न म्हणणाऱ्याला ते बसमध्ये चढू देत नसत.

"बाबा, टाकीचं काय ठरलं?"

"टाकीचं काय ठरायचंय? भरतेय."

गेले काही महिने तग्रीद आणि सुफयान नावाचा एक चित्रकार डोंगरावर दारोदार फिरले होते. गच्च्यांवरच्या टाक्या रंगवायच्या, प्रत्येक टाकी म्हणजे चित्राचा एक तुकडा, आणि समोरच्या डोंगरावरून पाहिलं की सगळं मिळून एकच चित्र. काय काढायचं ते लोकांनीच ठरवायचं होतं, त्यामुळे अर्थातच खूप वेळ लागला. खाटीक अबू रास्मीला मेंढा हवा होता. उम्म हैथमला कुवेतमध्ये असलेला तिचा मुलगा हवा होता, शक्यतो सुटात. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते एका कलंडलेल्या प्रचंड सुरईवर. सुरई वर, आणि उतारावरच्या टाक्यांतून खाली ओघळणारं निळं पाणी. समोरच्या डोंगरावर बागा होत्या, घराघराखाली मोठाले हौद होते. पाऊस दरवर्षी आटत चालला होता हे तिथे कुणाला कळत नव्हतं असं नाही, पण जाणवत नव्हतं. हे चित्र त्यांच्या व्हरांड्यांसाठी होतं.

सगळ्या टाक्या रंगून झाल्या होत्या. उरली होती एकच, नेमकी सुरईच्या तोंडाची. अबू तग्रीदांची.

"अख्ख्या डोंगराला विचारत फिरलीस," ते म्हणाले. "घरात नाही विचारलंस."

"आता विचारतेय ना."

"आता म्हणजे रंग उरलाय म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बरं, मला सांग. त्या लोकांनी चित्र बघितलं की आपल्या नळाला दोन दिवस पाणी येईल?"

"लगेच नाही येणार. पण रोज संध्याकाळी चहा पिताना समोर दिसत राहील. कुणाच्या तरी घशात अडकेल."

अबू तग्रीद हसले. मग हसलो हे लक्षात आल्यावर त्यांनी चेहरा पुन्हा टाकीसारखा केला. "विचार करून सांगतो."

"कधी?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी ते झोपेतून उठले नाहीत.

तीन दिवस घरात साखरेविना कॉफी उकळत राहिली आणि डोंगर रांगेने येऊन बसून गेला. तग्रीदने सगळं नीट केलं. खुर्च्या मागवल्या, खजूर वाटले, आत्याला जेवू घातलं. फक्त एक वाक्य तिने उच्चारलं नाही. तशी वेळच आली नाही. नातेवाइकांना आत्याने फोन केले, शाळेत शेजारणीने कळवलं, आणि वाण्याला तर तिच्याआधीच माहीत होतं. त्या डोंगरावर टंचाई होती ती पाण्याची. वाईट बातमी सांगणाऱ्यांची कधीच नव्हती.

सुफयान तेवढा राहिला. तो पश्चिमेकडच्या अम्मानचा आणि त्या वेळी प्रदर्शनासाठी मार्सेलला गेलेला. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"अबू तग्रीद काय म्हणाले?"

"विचार करून सांगतो म्हणाले."

"अजून विचारच चाललाय?"

तग्रीद म्हणाली, "अजून उत्तर नाही दिलं त्यांनी."

"मी बोलू का?"

"आत्ता नको."

सुफयानने यावरून निष्कर्ष काढला. मानी माणूस आहे, रीतीने मागायला हवं. आणि रीतीने मागायचं म्हणजे जाहा न्यायची. लेक मागायची असो की खुनाची माफी, चार वडीलधारे पुढे घालून दारी जायचं, समोर आलेला कॉफीचा कप तसाच ठेवायचा, आणि 'दिलं' हा शब्द ऐकल्यावरच तो ओठाला लावायचा. सुफयानच्या आईचे मामा, शेख अबू नायफ, या कामात मुरलेले होते. त्यांनी आयुष्यात एकही कप गार होऊ दिला नव्हता.

"शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर वडीलधाऱ्यांना घेऊन येतोय," सुफयानचा निरोप आला. "बाबांना सांगशील ना?"

तग्रीदने लिहिलं, 'सुफयान, बाबा'. पुसलं. पुन्हा तेवढंच लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी नुसतं 'या' असं पाठवलं. खाली जाऊन जिन्यातच त्याला गाठू, तिने ठरवलं.

पण शुक्रवारी जिना भरून वर चढत होते ते काळे, सोनेरी काठाचे अंगरखे. सुफयान सगळ्यांच्या मागे, गाडी लावायला जागा शोधत कुठेतरी. उम्म हैथमने खिडकीतून ते दृश्य पाहिलं आणि तिच्या हातातला कोबी सुटला.

"नवाल! अगं नवाल! तुमच्याकडे जाहा!"

"कसली जाहा?"

"कसली म्हणजे काय? तुमच्या घरात लग्नाचं कोण आहे, तू?"

"अगं, अजून भावाचा चाळिसावा दिवस व्हायचाय!"

"तेच म्हणते मी! लाजलज्जा उरली नाही लोकांना." उम्म हैथम खिडकीतून आणखी वाकली. "मुलगा कोणता गं? तो उंच का?"

जाहा आली आणि घरात सामोरं जायला पुरुष नाही, ही सगळ्या डोंगराची नाचक्की. अबू रास्मीने रक्ताचा एप्रन फेकला आणि मिळतील ते पुरुष घेऊन तो धावत पोचला. दिवाणखान्यात दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. पडद्यामागे बायका जमल्या. दुखवट्याचं घर म्हणून जिभेवर आलेला आनंदाचा गजर त्यांनी दातांत धरून ठेवला होता. तग्रीद स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा शेखांपुढे कॉफीचा कप ठेवून झाला होता आणि शेखांनी घसा खाकरला होता. खाकरलेल्या शेखांना कुणी थांबवत नसतं.

"आम्ही एका थोर घराच्या दारी आलो आहोत," अबू नायफ सुरू झाले. सवयीने गाडी लग्नाच्या मागणीच्याच रुळावर गेली. "आमचा मुलगा सुफयान. गुणी, निर्व्यसनी, आईबापांना मानणारा..."

"करतो काय?" अबू रास्मीने माहीत असूनही रीतीप्रमाणे विचारलं.

"चित्रकार आहे."

पडद्यामागून एक सामुदायिक उसासा आला.

"हे बघा शेख," अबू रास्मी म्हणाला, "आमची मुलगी शिकलेली आहे. भूगोल शिकवते. अख्ख्या डोंगराचं नाक आहे ती. अशी घाईगर्दीत नाही द्यायची आम्हाला."

अबू नायफ गोंधळले. "मुलगी? मुलगी कुणी मागितली?"

अबू रास्मीची मान हळूहळू लाल झाली. "का? काय खोट आहे आमच्या मुलीत?"

"खोट? छे! अल्लाह सुखी ठेवो तिला. पण आम्ही टाकी मागायला आलोय."

"काय मागायला?"

"टाकी. गच्चीवरची. पाण्याची."

"मुलगी सोडून टाकी!" पडद्यामागून उम्म हैथमचा आवाज आला. "आता जगून काय बघायचं राहिलं!"

तेवढ्यात सुफयान धापा टाकत आत आला आणि सुरई, तिचं तोंड, समोरचा डोंगर असं काय काय समजावू लागला. अबू रास्मीला आधी हसू फुटलं, मग त्याच्या माणसांना, मग अंगरख्यांनाही. एकटे अबू नायफ हसले नाहीत. त्यांची अब्रू कपात होती.

"मी रिकाम्या हाताने कुठल्याही दारातून परतलेलो नाही," ते म्हणाले. "अबू तग्रीदना बोलवा. त्यांच्या तोंडून 'दिली' ऐकल्याशिवाय मी हा कप उचलायचा नाही."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. डोंगरावरचा प्रत्येक माणूस जमिनीकडे बघू लागला.

पडदा सारून नवाल बाहेर आली. काळ्या कपड्यांत. "कुठून बोलावू, शेख? माझा भाऊ गेला."

सुफयानने तग्रीदकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तग्रीद, तू..."

अबू नायफांचा हात आपसूक कपाकडे गेला. दुखवट्याची कॉफी न घेणं म्हणजे गेलेल्याचा अपमान. कप उचलला आणि ओठांपाशी नेता नेता त्यांना आठवलं, आपण जाहा आहोत. उत्तराआधी कॉफी पिणं म्हणजे मागणी सोडून देणं. कप हवेतच राहिला. बाकीच्या अंगरख्यांना काहीच सुचेना, तेही कप उचलून तसेच थांबले. कुणी पिईना, कुणी खाली ठेवीना.

"मग," अबू नायफांनी कप तसाच धरून विचारलं, "आता टाकी कुणाची म्हणायची?"

"अर्धी लेकीची, अर्धी माझी," नवाल म्हणाली. "बहीण आहे मी. धर्माने वाटा आहे माझा."

"मग तुमचा जबाब?"

"माझी अर्धी तिच्या अर्धीबरोबर. तिलाच विचारा. नाहीतर काय, टाकी अर्धीच रंगवणार आहात?"

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. तग्रीद कॉफीची किटली धरून उभी होती. खरं तर किती सोपं होतं. रोज गच्चीवर जाऊन ती ती पांढरी टाकी पाहत होती आणि खाली येत होती. रंग कधीच तयार होता. पण तिने 'दिली' म्हटलं, की बाबा आता सांगणार नाहीत हे ठरलंच. इतके दिवस त्यांचा तो 'उद्या' तिने तसाच राखून ठेवला होता.

शेखांचा कप आता कलू लागला होता. एक थेंब अंगरख्याच्या सोनेरी काठावर पडला. तग्रीद पुढे झाली. तिने किटली खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा वारले, आजोबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तितका फुटला नाही. "माझे बाबा वारले. उत्तर द्यायचं राहून गेलं त्यांचं. ते मी देते. टाकी दिली. कॉफी घ्या."