एकशे वीसला बंद, ऐंशीला चालू

यंत्राची निवड भावनेच्या भरात करायची नसते, हे वाक्य बलभीम सरांनी आयटीआयच्या फळ्यावर सत्तावीस वर्षं लिहिलं. शिल्पनिदेशक म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा पोरांनी तेच मानपत्रात छापून दिलं. घरातला मिक्सर शिवकन्याबाईंनी झाकणाचा रंग बघून घेतला होता; तो चौदा वर्षं चालतोय. बोअरची मोटर सरांनी तीन महिने अभ्यास करून घेतली. ती अजून बोअरमध्येच आहे. वर येत नाही.

आता प्रश्न कॉम्प्रेसरचा होता. लेक हर्षाली पहिल्या बाळंतपणाला जळकोटला माहेरी आली होती. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, जिला सर वर्कशॉप म्हणत आणि शिवकन्याबाई अजून गोठाच म्हणत, सरांनी नातवासाठी निंबाच्या लाकडाचा पाळणा स्वतः घडवला होता. राहिला होता फक्त रंग. आणि तो ब्रशनं द्यायचा नाही, हे चार वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

त्याचं असं झालं, की हर्षालीच्या लग्नात रुखवतात सरांनी हातानं केलेलं कपाट ठेवलं होतं. ढोकीच्या विहीणबाई सिताबाई मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "कपाट घरीच रंगवलं व्हय? ब्रशाचे वळ दिसायलेत."

अख्ख्या मांडवानं मान वळवून वळ बघितले. लेकीचं लग्न असून सर त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा ह्या खेपेला स्प्रे गन. स्प्रे गनला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर. सरांनी दोनशे पानी वही आणली आणि तुलनात्मक तक्ता आखला. टाकी किती लिटरची, मोटर किती घोड्याची, हे रकाने भरले. अडलं ते शेवटच्या रकान्यात : तेलाचं मशीन की बिनतेलाचं? तेलाचं दमदार, पण आवाज मोठा, आणि हवेबरोबर तेलाचे शिंतोडे उडून रंगावर डाग पडायची भीती. बिनतेलाचं शांत आणि स्वच्छ, पण दमाला कमी. हर्षालीचं स्थळ सरांनी एका दुपारी पसंत केलं होतं. कॉम्प्रेसरच्या निवडीला तिच्या सहाव्या महिन्यात सुरुवात केली. नातू जन्मून आठवडा झाला तरी त्या रकान्यात प्रश्नचिन्हच होतं. आणि बारसं येत्या बुधवारी.

त्यात शिवकन्याबाईंनी हुकूम काढला होता. "बाळ-बाळंतीण घरात हाय. त्या गोठ्यातनं एक ठोका जरी ऐकू आला, तर पाळणा चुलीत घालीन." म्हणून सगळं गुपचूप चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी सरांनी पाशामियाँला फोन लावला. पाशामियाँचं हायवेवर पंक्चरचं दुकान. त्याच्याकडं एक जुना कॉम्प्रेसर पडून होता. तो चालेल की सोलापूरहून नवा आणावा, एवढंच विचारायचं होतं. वर्गात सर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलत. घरातही तीच सवय. आज मात्र ते ओसरीच्या कोपऱ्यात तोंडावर हात धरून बोलत होते. ते पाहूनच शिवकन्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआड थांबल्या. त्यांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं, ते असं :

"पाशाभाई, हिला काही कळू देऊ नका... व्हय, एकशे वीसला बंद पडतंय. ऐंशीला आलं की परत चालू होतंय... ते ठीकच आहे हो, पण व्हॉल्व्ह गळतोय ना. धाप लागल्यागत आवाज येतोय... नाही, जुन्यावर किती दिवस काढायचे? सोमवारी सोलापूर गाठतो... तिथं नाही जमलं, तर आहे त्यावरच बुधवारचं बारसं पार पडलं म्हणजे मिळवली. त्याच्या पुढं नाही टिकलं तरी चालंल."

हवेचा दाब एकशे वीसला पोचला की कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो आणि ऐंशीला उतरला की आपोआप सुरू होतो. हे कुठल्याही फिटरला ठाऊक असतं. शिवकन्याबाई फिटर नव्हत्या. दाबाचे हे दोन आकडे त्यांनी फक्त माणसाच्या दंडाला पट्टा बांधलेला असताना ऐकले होते.

त्या मोरीत गेल्या. तिथं कडूबाई बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. शिवकन्याबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि सगळं सांगितलं.

कडूबाईनं बाळाच्या टाळूवर तेल थापलं आणि निकाल दिला. "त्यास्नी एक शबूद बोलू नका, वैनी. काळजाच्या माणसाला आपलं काळीज बिघडलंय म्हणून कळलं, की त्यो धसक्यानंच जातोय. आपण नुसतं बघायचं. मनात ठिवायचं."

कडूबाईला त्या दिवशी आणखी तीन घरची बाळं न्हाऊ घालायची होती.

शनिवारी डाळीत मीठ नव्हतं. सरांनी मागितलं, तर शिवकन्याबाई त्यांच्याकडं भरल्या डोळ्यांनी बघत राहिल्या. सरांनी डाळ तशीच खाल्ली. दुपारी ते गच्चीवर निघाले, तर हर्षाली बाळाला घेऊन जिन्यात आडवी बसली. संध्याकाळपासून माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या हातात शहाळं. "बाळंतिणीला आणलं," म्हणायचे आणि सरांच्या हातात द्यायचे. "तुमी प्या, सर." मग बसायचे आणि जाताना सरांच्या छातीकडं बघायचे. सरांनी शर्टाची बटणं दोनदा तपासली. लागलेली होती.

गावाला कॉम्प्रेसरचं कळलं असणार, असा त्यांनी अर्थ काढला. एका यंत्राच्या खरेदीची गावानं इतकी गंभीर दखल घ्यावी, ह्याचं त्यांना नवल वाटलं नाही. बरं वाटलं.

रविवारी सकाळी शेजारचे शंकरप्पा आले. निवृत्त पोस्टमास्तर. मोजून बोलणारा माणूस. ते सरांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले.

"कळलं."

"कुणाकडनं?"

"गावात काय लपतंय? उद्या सोलापूर ना? वेळेवर निर्णय घेतलात."

"वेळेवर कुठला, शंकरप्पा. चार महिने झाले घोळतोय."

"चार महिने? आन् वैनीला बोलला न्हाय?" शंकरप्पांनी सरांचा हात हातात घेतला.

"आवाजाचा प्रश्न हो. चालू झालं की धडधड होणार, घरात तान्हं लेकरू."

शंकरप्पांनी डोळे मिटून मान हलवली. "माझंबी तसंच व्हतं. नुसती धडधड. जिना चढायची सोय न्हवती."

सर चकित झाले. शंकरप्पांच्या हातात त्यांनी आजवर साधा पाना पाहिला नव्हता. "म्हणजे, तुमी बसवलंय?"

"दोन बसवलेत. दोन वर्षं झाली. सोलापुरातच."

"दोन?" सरांना आपली दोनशे पानी वही एकदम छोटी वाटली. "कुठल्या कंपनीचे?"

"बाहेरच्या देशातले हैत म्हणाले. आपल्याला काय कळतंय? बसवा म्हणलं."

इतकी मोठी निवड इतक्या सहजपणे केलेला माणूस शेजारी राहत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. सरांनी घसा खाकरला. "मग एक सांगा. तेलाचं की बिनतेलाचं?"

"बिनतेलाचं," शंकरप्पा क्षणभरही न थांबता म्हणाले. "तेलाच्या नादी लागूच नका, सर. दोन वर्षांत थेंब न्हाय. कसली तक्रार न्हाय. दुपारची झोपबी लागती."

शंकरप्पा गेल्यावर सरांनी वही काढली. प्रश्नचिन्ह खोडलं आणि लिहिलं : 'बिनतेलाचं. (शंकरप्पा, दोन वर्षांचा अनुभव.)'

सोमवारी कुणी न बोलावता जावई कृष्णराज ढोकीहून गाडी घेऊन हजर झाला. शिवकन्याबाई आधीच मागं बसल्या होत्या. जवळ थर्मास, चादर आणि टॉवेल. घरानं विरोध मागं घेतला, एवढंच नाही तर सोबतही दिली, हे पाहून सरांचं मन भरून आलं. ते पुढं बसले आणि कामाचं बोलायला लागले.

"येताना मागची सीट मोकळी लागेल. आडवं टाकूनच आणावं लागणार."

कृष्णराजचा गिअर चुकला.

"दोरीनं नीट बांधायचं. रस्त्यात हलता कामा नये."

"मामा, असं बोलू नका," कृष्णराज म्हणाला.

"अहो, सगळं ठरवून ठेवलंय मी. पाशाभाईला सांगितलंय, चार माणसं दारात तयार ठेवा म्हणून. उचलायला."

मागच्या सीटवर शिवकन्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

सोलापुरात गाडी दुकानाकडं न वळता दवाखान्याकडं वळली. सर म्हणाले, "रस्ता चुकला." कृष्णराजनं दार उघडून त्यांच्या काखेत हात घातला. डॉक्टर अर्पिता हर्षालीच्याच वयाच्या होत्या. सरांना वाटलं, जावयाचं इथं काही काम असेल. दंडाला पट्टा बांधला गेला तेव्हा मात्र काम आपलंच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"एकशे वीस, ऐंशी," डॉक्टर म्हणाल्या. "उत्तम आहे."

"उत्तम कसं?" शिवकन्याबाईंचा बांध फुटला. "त्यालाच तर बंद पडतंय त्यांचं. एकशे वीसला बंद, ऐंशीला चालू. म्या माझ्या कानांनी ऐकलंय."

"काय बंद पडतं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी एकेक आठवलं : शहाळी, डाळ, जिना, शंकरप्पांच्या छातीतले दोन स्टेंट. मग त्यांनी डॉक्टरांकडं कोरा कागद मागितला आणि कॉम्प्रेसरची आकृती काढून, बाण दाखवून, दाबाचं बटण कसं चालतं ते सगळ्यांना समजावून दिलं. डॉक्टरांना एक शंका होती, तीही त्यांनी फेडली.

तरी ईसीजी काढलाच. माणूस एकदा दवाखान्यात शिरला, की तो धडधाकट आहे हेही तपासून सिद्ध करावं लागतं. मध्येच शिवकन्याबाईंना घाम फुटला म्हणून तो पट्टा त्यांच्याही दंडाला बांधला. एकशे सत्तर, शंभर. गोळ्या त्यांना सुरू झाल्या. बिनमिठाची डाळही.

दुपारी तिघं दुकानासमोर उभे राहिले. दुकान सोमवारी बंद असतं. वहीत तसा रकाना नव्हता.

पाशामियाँचं जुनं मशीन आणावं, तर त्याचा व्हॉल्व्ह रविवारीच गेला होता. ही बातमी मात्र गावात कुणी पसरवली नव्हती.

रंग वाळायला मंगळवार लागणार होता, म्हणून संध्याकाळीच सर गोठ्यात पाळण्यापुढं बसले. हातात ब्रश. शिवकन्याबाई रंगाचा डबा धरून शेजारी.

"एकदा मला विचारायला काय झालं होतं तुला?"

"तुमाला एकदा सांगायला काय झालं होतं?"

सरांनी ब्रश डब्यात बुडवला. जमेल तितक्या हलक्या हातानं त्यांनी दोन हात दिले. वळ दिसत होते. बाराही दांड्यांवर, मोजता येतील इतके.

बुधवारी पाळणा बैठकीत, उजेडापासून शक्य तितक्या लांब टांगला. सिताबाई आल्या. हातपाय धुऊन, नातवाचा मुका घेऊन त्या पाळण्यासमोर बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. बायकांनी गाणं थांबवलं. सरांनी छातीवर हात ठेवला. ते पाहून शंकरप्पा खुर्चीतून उठले.

"इवाई," सिताबाई म्हणाल्या, "ह्या टायमाला मशीननं मारलात जणू. एक वळ न्हाय. मशीनचं काम लपत न्हाय बगा."

सरांनी हात जोडले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. शिवकन्याबाईंनी गाणं पुन्हा सुरू केलं, जरा मोठ्यानंच.

पंगतीत वाढताना कृष्णराज सरांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, की पुढच्या महिन्यात आईला घेऊन सोलापूरला जायचंय, दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढायचाय.