पाच सेंटीमीटर आणि दोन किलो

"या शाळेतल्या एकूणएक मुलाची उंची मला तोंडपाठ आहे," असं शिट्टीसर शिक्षकांच्या खोलीत बिनदिक्कत सांगत, आणि ते खरं होतं. पाठ करण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

शिट्टीसर म्हणजे शाळेचे व्यायामशिक्षक. गळ्यातली शिट्टी ते फक्त झोपताना काढत, तेही बायकोनं बजावल्यावर. वर्ष सुरू झालं की प्रत्येक मुलाची उंची आणि वजन आरोग्याच्या वहीत भरायचं काम त्यांच्याकडे असे. पहिलीत आलेल्या मुलाला ते खरोखर मोजत. पुढच्या वर्षापासून मागच्या उंचीत पाच सेंटीमीटर मिळवत आणि वजनात दोन किलो. साडेचारशे मुलं एका दुपारी, मधल्या चहासकट! मुलं तशीही वाढतातच, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण फक्त त्या वाढीला शिस्त लावतो.

अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. बाराव्या वर्षी आरोग्य खात्याचं पत्र आलं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. खात्यानं वहीची प्रत तपासली होती. मुलांची इतकी एकसारखी वाढ आजवर कुठेच आढळली नव्हती. शाळेचं नाव 'आदर्श आरोग्य शाळा' या बहुमानासाठी पुढे आलं होतं, आणि पुढच्या गुरुवारी खात्याच्या डॉक्टर स्वतः येऊन मुलं मोजणार होत्या.

"सर, कमाल केलीत! करता तरी काय नेमकं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आहार आणि व्यायाम, बाई," शिट्टीसर म्हणाले. "दोन्हींचा मेळ."

"व्यायाम कधी करतात मुलं?" गणिताच्या सरांनी विचारलं. "व्यायामाचा तास तर माझ्याकडे असतो."

तेही खरं होतं. गणिताचा भाग मागे पडला की व्यायामाचा तास गणिताकडे जाई, आणि गणिताचा भाग दरवर्षी मागेच असे.

"ते जाऊ द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "संस्थेच्या अध्यक्षांना मैदानावर फरशी घालून गाड्या लावायच्या आहेत. कुणी खेळत तर नाही, म्हणतात. बहुमान मिळाला तर मैदानाला हात लावणार नाही, असा शब्द घेतलाय मी. नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यात फरशी."

गणिताच्या सरांनी नुकतीच गाडी घेतली होती. ते खिडकीतून मैदानाकडे प्रेमानं बघत होते.

शिट्टीसरांनीही बघितलं. दर सोमवारी पहाटे येऊन ते तिथे चुन्याच्या रेषा आखत. त्या रेषांवरून कुणी धावत नसे, पण त्या सरळ असत. मैदानावरचं तेवढं एकच काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं, आणि ते एकच काम ते मन लावून करत.

"अहो, मग खरं सांगून टाका," बायको घरी म्हणाली.

"सांगितलं तर मैदान जातं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"आठ दिवस आहेत अजून."

"आठ दिवसांत साडेचारशे मुलं वाढवणार तुम्ही? कुंडीतलं एक रोप वाढत नाही तुमच्याच्यानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली. वहीपेक्षा बुटकी असलेली मुलं एका रांगेत, उंच असलेली दुसऱ्या रांगेत. बुटक्यांनी दांड्याला लोंबकळायचं, मग मैदानाला चार फेऱ्या. उंचांनी नुसत्या फेऱ्या. मधल्या सुट्टीत फळ, काकडी, गाजर, उकडलेलं अंडं. पाकिटातलं तळलेलं काही दिसलं की जप्त! जप्त पाकिटं खेळाच्या कपाटात बंद होत, आणि कपाटाची किल्ली शिट्टीसरांकडे असे.

तिसऱ्या दिवसापासून पालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. मुलं दुप्पट जेवतात. मुलं नऊला झोपतात. एका आईला वाटलं, मुलगा आजारी आहे. त्यानं न सांगता गाजर मागितलं होतं.

सगळं होऊनही उंची कुणाची वाढेना. सातवीत 'खांब' नावानं ओळखला जाणारा मुलगा होता. वहीत तो एकशे एकेचाळीस, प्रत्यक्षात एकशे अडुसष्ट.

"तू गुडघे थोडे आत घे," शिट्टीसर म्हणाले.

"किती, सर?"

"सत्तावीस सेंटीमीटर."

पण खरी अडचण चिमणीची होती. चिमणी सातवीतली, किडकिडीत, वाऱ्यासारखी पळणारी. ती दुसरीत असताना घाईघाईत तिची उंची वजनाच्या रकान्यात गेली होती आणि वजन उंचीच्या. पुढे दरवर्षी पाच आणि दोन इमानेइतबारे मिळवले गेले. वहीप्रमाणे चिमणी आता सेहेचाळीस सेंटीमीटर उंच होती आणि तिचं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. वही दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, कारण प्रत खात्याकडे पोचली होती.

"चिमणे, तू गुरुवारी सुट्टी घे."

"का सर? मी एकही दिवस चुकवलेला नाही!"

"मी सांगतो म्हणून."

"नाही सर. गुरुवारी तुम्हीच ठेवलेली शर्यत आहे. मी येणारच!"

गुरुवारी डॉक्टर आल्या. बारीक, शांत बाई. त्यांच्यामागून दोन माणसं घामाघूम होऊन एक अवाढव्य वजनकाटा मैदानावर उचलून आणत होती. तसला काटा शिट्टीसरांनी फक्त धान्याच्या गोदामात पाहिला होता.

पहिला नंबर खांबाचा लागला.

"सरळ उभा राहा," डॉक्टर म्हणाल्या.

"सरळच आहे, बाई."

"मग गुडघे का वाकलेत?"

"ते सरांचे आहेत."

डॉक्टरांनी एकवार शिट्टीसरांकडे बघितलं आणि वही उघडली. "राहू दे. आधी मला ही मुलगी दाखवा. सेहेचाळीस सेंटीमीटर, एकशे अठ्ठावीस किलो. तिच्यासाठी तर हा काटा आणलाय."

"मी, बाई! मी!" म्हणत चिमणी उडी मारून काट्यावर चढली. काट्यानं तिची दखलच घेतली नाही.

गणिताचे सर पुढे झाले, त्यांनी वहीची चार पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाच, पाच, पाच. दोन, दोन, दोन. काय सुंदर श्रेढी आहे! चौथीत शाळा सोडून गेलेला मुलगासुद्धा वाढतोय. सर, मला हे नवव्या प्रकरणाला हवं होतं!"

मोठ्या बाईंनी परिस्थिती सावरायला घेतली. "मुलांचं थोडं इकडेतिकडे झालं असेल, डॉक्टर. पण आमच्याकडे शिक्षकांचीही नोंद असते. शेवटचं पान बघा ना!"

"बाई, ते पान नको," शिट्टीसर म्हणाले.

बाईंनी पान उघडलं होतं. मोठ्या माणसांची उंची वाढत नाही, हे शिट्टीसरांना शास्त्र म्हणून ठाऊक होतं. त्यामुळे शिक्षकांचं त्यांनी फक्त वजन वाढवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, रुजू होताना, मोठ्या बाई अठ्ठावन्न किलोच्या होत्या.

"सर," मोठ्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "मी ऐंशी किलोची आहे?"

"वहीप्रमाणे, बाई."

"वहीप्रमाणे! डॉक्टर, हा माणूस बसल्या जागी काहीही लिहितो. आत्ताच्या आत्ता खरं-खोटं होऊ दे!" असं म्हणून त्या तरातरा काट्यावर चढल्या.

काटा थोडा हलला आणि थांबला. डॉक्टर वाकल्या, चष्मा नीट केला, पुन्हा वाकल्या.

"ऐंशी," त्या म्हणाल्या.

अख्ख्या वहीत बरोबर निघालेली ती एकच नोंद होती.

बहुमान मिळाला नाही. शर्यत मात्र झाली. चिमणी पहिली आली, आणि मुलं आठच दिवस पळतायत हे ऐकून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. जाताना त्यांनी शेरा लिहिला: मुलांना रोज एक तास मैदानावर व्यायाम द्यावा, तो तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, व्यायामशिक्षकांनी दर महिन्याला प्रत्येकाला समक्ष मोजावं. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की मुख्याध्यापिकांनी रोज सकाळी चाळीस मिनिटं चालावं.

पुढच्या महिन्यात फरशीवाला मोजमाप घ्यायला आला, तेव्हा मोठ्या बाई चुन्याच्या रेषेवरून सहावी फेरी मारत होत्या. त्यांनी न थांबता त्याला फाटकाची दिशा दाखवली. अध्यक्षांचा फोन त्यांनी आठव्या फेरीनंतर घेतला आणि म्हणाल्या, "मैदान रिकामं नाहीये."

फरशीवाला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिट्टीसरांनी त्या महिन्याची मोजणी सुरू केली. साडेचारशे मुलं, चार दिवस, एकेक करून, मोजायचा दांडा लावून. खांबाचे गुडघे सरळ करायला लावले. चिमणीचे रकाने दोनदा तपासले. मोठ्या बाईंनाही काट्यावर उभं केलं आणि एकोणऐंशी लिहिताना पापणी हलवली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वहीत फक्त एक ओळ उरली, त्यांची स्वतःची. काटा समोर होता. खेळाचं कपाटही समोर होतं. उघडं, आणि जप्त पाकिटांच्या आता नुसत्या रिकाम्या पिशव्या. शिट्टीसरांनी काट्याकडे बघितलं, मग दाराकडे. कुणी नव्हतं. त्यांनी वहीतला आपला मागचा आकडा काढला आणि, व्यायाम सुरू झाल्याचं लक्षात घेऊन, त्यातून दोन किलो वजा केले.